कुंकू लागलेली काचेची पट्टी

तुमच्या समितीकडून आलं ते असं: गौरव अंकासाठी लेख मागणारं पत्र, वसुधाताईंच्या साठीच्या समारंभाची पत्रिका आणि प्रदर्शनात काचेच्या पट्टीखाली ठेवायच्या कार्डाचा नमुना. पाकिटावर तिकीट कमी होतं, पाच रुपये पोस्टमनला दिले. त्याचं काही नाही. पण कार्ड वाचून माझी मान खाली गेली.

वसुधाताई माझ्या नणंद. मी वन्सं म्हणते. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा त्या शाळेत होत्या. पहिल्याच आठवड्यात माझी बांगडी वाढली. मी घाबरून देवाला हात जोडले, आणि वन्सं तुकडा उन्हात धरून भिंतीवरचा हिरवा कवडसा बघत बसल्या. पुढे तेच त्यांचं काम झालं.

त्यांनी मला समजावलं तसं सांगते. एका विशिष्ट काचेचा हळदीच्या रंगाचा पातळ थर पट्टीवर चढवायचा. ही काच उजेडाला हळवी. लेसरचा किरण टेकेल तिथे ती पक्की होते, उरलेली औषधात विरघळते. मागे राहतात केसाहून बारीक काड्या, होळीची लाकडं रचतात तशा आडव्या-उभ्या, थरावर थर. त्यातून ठरावीक रंगाच्या उजेडाला वाटच मिळत नाही, तो माघारी फिरतो. हा प्रकाशाचा स्फटिक. औषधाचे हातमोजे धुऊन पुन्हा वापरा, असं मी एकदा सुचवलं. "वहिनी, काटकसर स्वयंपाकघरात. तिथे माझ्या विद्यार्थिनींचे हात आहेत," म्हणाल्या.

आमचं घर शिलेदारांचं. खंडेनवमीला तलवारीपासून विळीपर्यंत सगळ्याची पूजा होते. एका वर्षी वन्संनी थर चढवलेली पट्टी काळ्या कागदात गुंडाळून, डबीत घालून घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी लेसरसाठी परगावी न्यायची होती. त्या गावातच अलकापुरी भागात कामाला गेल्या असताना मी डबी उघडली, काळा कागद सोडला, पट्टी देवापुढच्या उन्हात मांडली आणि हळद-कुंकू वाहिलं.

वन्सं आल्या त्या दारातच थांबल्या.

"हे काय, वहिनी?"

"सगळ्यांची हत्यारं पुजली. तुमचंच राहिलं असतं."

त्या खाली बसल्या. पट्टीकडे बघत म्हणाल्या, "आता सगळीच पक्की झाली ती. लेसरला काही उरलं नाही."

मला रडू फुटलं.

"बसा ने, वहिनी. पूजा अर्धी सोडू नका," आमच्या बडोदेकरी 'ने'सकट म्हणाल्या, आणि पट्टीला वाकून नमस्कार केला. कित्येक महिन्यांची मेहनत गेली, पण पुन्हा शब्द काढला नाही. नव्याने थर चढवले. त्यातूनच त्यांचा पहिला स्फटिक झाला.

ती जुनी पट्टी आजवर देव्हाऱ्यात होती. प्रदर्शनासाठी तुम्ही मागितली, मी दिली. आणि कार्डावर छापलंय, 'माझ्या निष्काळजीपणाने वाया गेलेला नमुना. वसुधा.'

विचारलं तर हसल्या. "डबीवर 'उघडू नका' लिहिलं होतं का मी? मग चूक कोणाची?"

त्या ऐकायच्या नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते. जगदंबा वन्संना निरोगी, उदंड आयुष्य देवो. अजून पुष्कळ थर त्यांच्या हातून चढोत, आणि डबीला माझा हात न लागो. लेख छापा न छापा, कार्ड मात्र बदला. 'भावजय शालिनीने उजेडात उघडला' एवढं घाला. बदललं की नाही ते उलट टपाली कळवा. पाकीट सोबत आहे, पुरतं तिकीट लावून.