मंडीदीपला पेडल वर येईना

आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या पुरुषांना एक खोड होती. हलणारी वस्तू दिसली की तिला ग्रीस लावायचं. पंखा, पाळणा, दाराची बिजागरी, काही म्हणजे काही सोडत नसत. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये माझ्या पुरणयंत्रालासुद्धा एकदा ते पिवळं ग्रीस लागलं होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते शेजारच्या ब्लॉकपर्यंत ऐकू गेलं, पण फरक कुणाला पडतो!

आमचे हे टूलरूममध्ये मशिनिस्ट होते आणि संध्याकाळी कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आडवी ठेवून, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवतात ती गिटार. मी त्याच ऑर्केस्ट्रात गात असे. एका वर्षी इंद्रपुरीच्या वळणावर यांची स्कूटर घसरली आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. कांडी पुढच्या सुरावर पोचेपर्यंत गाणं पुढे निघून जायचं. नंतर कितीतरी दिवस हे जेवायचे, ड्यूटीवर जायचे, येऊन झोपायचे. गिटारवर चादर टाकलेली असे. मला या माणसाची धास्ती वाटायला लागली होती.

मग यांच्या तीन मित्रांनी डोकं चालवलं. तिघेही टूलरूमचेच. त्यांनी जुन्या सायकली आणि शिवणयंत्रांचे भाग जमवले आणि गिटारच्या स्टँडखाली पेडल बसवलं. पेडल दाबलं की सळईने तार ताणली जायची आणि सूर वर चढायचा. पाय उचलला की स्प्रिंग पेडलला वर ओढायची आणि सूर जागेवर यायचा. मनगटाचं काम पायाने करायचं, एवढीच ती युक्ती. दिसायला थेट शिवणाचं मशीन, म्हणून ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरने पुढून चादर लावायला सांगितलं. पण हे पुन्हा वाजवायला लागले. संध्याकाळी पोळ्या करताना मागून ती धून ऐकू आली की मला बरं वाटायचं.

जानेवारीत ऑर्केस्ट्राचा दौरा निघाला, पेडल सांभाळायला ते तिघेही बरोबर. होशंगाबाद, इटारसी आणि शेवटी मंडीदीप. होशंगाबादलाच पेडल जरा सुस्त झालं. इटारसीला तर पाय उचलल्यावर ते अंमळ थांबून, मग सावकाश वर यायला लागलं. तोवर सूर बेसूर होऊन लोकांच्या कानावर पडलेला. आणि मंडीदीपच्या बसमध्ये एक नवा कीबोर्डवाला दिसला, कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेला. उतरल्यावर मॅनेजरने मला बाजूला घेतलं.

"भाभीजी, आज की धुन देख लेते हैं. नहीं जमी, तो अगले महीने से कीबोर्ड."

यांच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून मला सांगितलं! यांना सगळं आधीच कळलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, होईल गं, काळजी कसली करतेस. आणि हसले. असे हसले की मला रागच आला. इथे गिटार जायची वेळ आलीय आणि हा बाबा हसतोय!

कार्यक्रम एका कारखान्याच्या मैदानावर होता. दिवस मावळायला आला होता, वारा अंगात शिरत होता. यांनी पेडल दाबून पाहिलं. ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. तिघे मित्र स्टँडखाली वाकले. मीही वाकले, आणि पाहते तर काय, सळईपासून स्प्रिंगपर्यंत सगळं पिवळ्या ग्रीसने लडबडलेलं.

कुणी लावलं म्हणून मी विचारलं. मग एक म्हणाला, होशंगाबादला मी जरासं लावलं, कोरडं वाटलं म्हणून. दुसऱ्याने इटारसीला लावलेलं. तिसऱ्याने त्याच सकाळी. पेडल अडकतंय म्हणजे ग्रीस कमी पडतंय, असा प्रत्येकाचा हिशेब, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मी यांच्याकडे पाहिलं तर हे भलतीकडेच बघत होते.

"मीपण थोडंसं लावलं," हे म्हणाले.

थंडीत ग्रीस घट्ट होतं हे चौघांनाही पाठ होतं. कारखान्यात दुसऱ्याला शिकवायचे. पण स्वतःची वस्तू म्हटली की अक्कल गहाण! मी कुणालाच सोडलं नाही, ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मग तिथल्याच एकाच्या स्कूटरमधून पेट्रोल काढलं आणि माझ्या रुमालांनी सगळं पुसायला घेतलं. माईकवर पाहुण्यांचं भाषण सुरू झालेलं. संक्रांतीचे दिवस, त्यामुळे माणुसकी, गोडवा, सगळं यथासांग चाललं होतं. भाषण लांबू दे रे देवा, अशी प्रार्थना मी जन्मात पहिल्यांदाच केली.

पेडल मोकळं झालं. आता पुसायला काढलेली स्प्रिंग तेवढी परत अडकवायची. घाईत एकाने ती पकडीने ओढली आणि तिचा आकडा तुटला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून पाहिली, ती लोंबायला लागली. तिकडे टाळ्या पडल्या, म्हणजे भाषण संपलं. यांनी कांडी हळूच खाली ठेवली. ती ठेवलेली पाहिली आणि चादर टाकलेली गिटार डोळ्यांसमोर आली.

मी खाली बसते, पेडल हाताने उचलते, असं मी म्हणाले. हे म्हणाले, तुला जमायचं नाही, नेमकं कधी उचलायचं ते कळायला हवं.

"मला कळायला हवं? रोज पोळ्या लाटताना काय ऐकते मी? तुमचा पाय कधी उठतो ते तुमच्याआधी मला ठाऊक असतं. वाजवा तुम्ही."

संक्रांतीची काळी साडी नेसले होते, म्हणून बरं. चादरीमागे मांडी घातली आणि पेडलखाली बोटं घातली. लोखंड बर्फासारखं गार होतं. वर धून सुरू झाली. पेडल खाली आलं, वर उचललं. पुन्हा खाली, पुन्हा वर. आणि तेव्हा मला कळलं की पेडल थरथरतंय. आधी वाटलं माझाच हात. पण नाही, यांचा पाय कापत होता. मान वर करून पाहिलं तर चेहरा तोच, हसरा. इतके दिवस हा माणूस असा घाबरलेला होता आणि मी त्याच्या हसण्यावर चिडत होते. मला रडू फुटलं, पण हात चुकू दिला नाही. दुसऱ्या अंतऱ्याला ती थरथर थांबली. शेवटचा लांब सूर यांनी असा धरला की जरासुद्धा हलला नाही.

मॅनेजर पुढे येऊन म्हणाला, "जम गया." कीबोर्डवाला तसाच बसमध्ये बसून परत गेला. घरी आल्यावर नवी स्प्रिंग लागली आणि ग्रीसचा डबा मी माझ्या कपाटात कुलपात ठेवला.

पुढचा कार्यक्रम पिपलानीत होता. पेडल टचकन वर येत होतं. मी निवांत गाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. सुरू व्हायच्या आधी हे उठून माझ्यापाशी आले.

"जरा तिथे येऊन बस ना."

काय बिघडलंय, मी विचारलं. काही नाही म्हणाले. यावेळी हसले नाहीत. मी उठले आणि चादरीमागे जाऊन बसले.