कवडी कापसाच्या वर्षी रुपीबाईचा अंगठा

...अवं, तो दुसरा हात दे इकडं. एका हातानं लिवतच राह्य, एकाले मी हे तेल चोळतो. पाह्य कशी पांढरी भेग पडली तुह्या बोटाले. थंडी सुरू झाली का मले रुपीबाईच आठवते. लिव दीपा, या वहीत आज तिचंच लिव.

रुपीबाई म्हनजे तांड्यावरची, फुलसिंगची बायको. नाल्याच्या अल्याड आपलं गाव, पल्याड त्यायचा तांडा. कापूस वेचाले आम्ही दोघी जोडीनंच तास, म्हनजे कपाशीची ओळ, धरो. दोन्ही हातानं वेचे ते, आन तोंडानं माह्यी मस्करी करे. "जयाबाई, झोपली का वं कपाशीत? का बोंडायले अंगाई म्हनून राह्यली?" मी म्हनो, "तू जाय पुढं, तुले शेतमालक हार घालनार हाये." अशी हासत हासत दिवस काढनारी बाई.

मंग ते गुलाबी अळीचं वर्ष आलं. बोंड धड उघडतच नव्हतं. अर्धं फुटे, अर्धं आतच चिकटून राहे, पिवळी कवडी. तिले नखानं कोरून काढा लागे. बोंडाचे टोकं वाळून सुईवानी झालते, वरून पौषाची थंडी. सगळ्याच बायायचे हात फाटले, पन रुपीबाईचे पाहवत नव्हते. अंगठ्याचं कातडं सोलून सोलून गुळगुळीत झालतं, आन मधात अशा भेगा का उघडल्या तं आतलं लाल दिसे. शेतवाली विमलताई म्हने, "रुपीबाई, चिंधी बांध वं, कापसाले रक्त लागून राह्यलं." चिंधी बांधली तं कवडी निघे ना. मंग दातानं चिंधी सोडे आन पुन्हा वेचे.

त्याच टायमाले कंट्रोलच्या दुकानात ते अंगठ्याची मशीन आली. पयले कार्ड दाखवलं का धान्य भेटे. आता अंगठा उमटला तरच गहू-तांदूळ. रुपीबाईचं पोरगं आन सून ऊस तोडाले गेलते. फुलसिंगले लकवा झालता, तो खाटेवरून उठत नव्हता. राह्यली हे एकटी. हिचा अंगठा हेच त्या घराचं जेवन.

दुकानवाला देवीलाल म्हने, "दाब. आनखी दाब. हा नाई, दुसरं बोट ठेव." दाही बोटं ठेवून झाले. "मावशी, तुह्या बोटाले रेषाच नाई वं."

"कपाशीनं नेल्या बापा," रुपीबाई म्हने. रांगेतले हासले, हे बी हासली. पन पोतं रिकामंच घरी गेलं. पुढच्या महिन्यात बी तसंच. तवा कोनी हासलं नाई.

मंग ते माह्या दारात येऊन बसली. म्हने, "जयाबाई, घरी कनीची पेज हाये, ते मी त्यालेच पाजतो. मले रेषा पाह्यजे. काही बी लाव, पन या बारीले माह्या बोटाले रेषा आन."

मोहाच्या टोळीचं तेल होतं माह्यापाशी, म्हनजे मोहाच्या बियायचं. थंडीत ते तुपावानी थिजते. कटोरीत ऊन केलं, त्यात मधाच्या पोळ्याचं मेन वितळवलं, चिमूटभर हळद टाकली. हेच, जे तुह्या हाताले लावून राह्यलो. सांगतलं, निजताना भेगेत भर, वरून जुन्या लुगड्याची चिंधी बांध. आन कापसाले हात लावू नोको.

"वेचा नाई गेली तं खाऊ काय?"

"आन रेषा नाई आल्या तं काय खाशीन?"

मंग ते घरी बसली. मले जमन तशी भाकर मी पोचवो. हात मांडीवर ठेवून बसे, जसे का दुसऱ्याचे होय. उन्हात धरून मले दाखवे, "हे पाह्य, आली नं एक?" आन खरंच आलती वं. मुंगीच्या वाटेवानी बारीक. भेगा बी मिटत आलत्या.

धान्य वाटाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तिले वाटलं, आनखी लावलं तं रेषा आनखी उठून दिसन. म्हनून सकाळीच तिनं अंगठ्याले जाड थर लावलता. मशीनीवर ठेवला तं अंगठा सटकला. काच सगळी चिकट.

"मशीन हाये का तवा हाये हा?" देवीलाल वरडला. मागचा एक जन म्हने, "झालं! बुढीनं आमचं बी राशन बुडवलं." लोकं गलका करू लागले. देवीलाल म्हने, "जाय, हात धुऊन ये पटकन."

बाजूले चहाची टपरी होती. साबन कुठचा? चुलीतली राख घेतली तिनं, आन घागर घासावं तसा अंगठा घासला. तेल राखेनंच निघते, हे हातालेच ठाऊक. मी रांगेतून धावलो, "अवं राख नोको! रुपे, राख नोको!" तवरक झालतं. तेल गेलं आन त्याच्यासंगं ते नवं कवळं कातडं बी गेलं. भेग उघडली. काचीवर अंगठा ठेवला तं लाल ठसा उमटला. पन तो मशीनीले दिसत नाई.

देवीलालनं गुपचूप काच पुसली. खाली पाहून म्हने, "मशीन नाई म्हनते, मावशी. मी पोतं कसं सोडू?"

"अंगठा कापून ठेवून घे," ते म्हने. "रोज रोज दाबत राह्यजो. पन त्याच्या पुरते दाने तं दे."

नाई देल्ले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कपाशीत. मी पदरात ज्वारी नेली तं घेतली, पन मस्करी नाई, काही नाई. फुलसिंगनं होळी पाह्यली नाई. उपाशी मेला असं नोको लिवू, लकवा होताच. पन शेवटी शेवटी त्याचं पोट पाठीले लागलतं, हे लिव. पोरगं आलं आन मायले घेऊन गेलं. कुठी गेले, कोनाले ठाऊक नाई.

आता खाली हे मोठ्या अक्षरात लिव. ज्याच्या हाती हे पडन, त्यानं आपल्या गावच्या कापूस वेचनाऱ्या बायायले सांगजा : तेल निजताना लावा, मशीनीपाशी जाच्या दिवशी लावू नोका, कोरड्या कपड्यानं पुसा, राखेनं कधीच घासू नोका. आन तुमच्या कंट्रोलवाल्याले बी सांगजा, का जिचा अंगठा उमटत नाई, तिचे हात उताने करून पाह्य बापा, आन मंगच तिले परत धाड.