विसरवाडीची किडनी

डॉ. सुमन मॅडमचं संशोधन इंग्रजी जर्नलांत छापून येतं. पण त्यासाठी आम्ही नंदुरबार जिल्हाभर फिरतो, तेव्हा गाडीत जे किस्से साठतात, ते कोण छापणार? म्हणून मीच सांगते. मी दहावी पास, मॅडमची मदतनीस. ज्यांना किडनी किंवा लिव्हर बसवलंय, त्यांच्या घरी जायचं आणि गोळ्या वेळेवर चालू आहेत ना ते बघायचं. गोळी चुकली की शरीर नवा अवयव नाकारू शकतं. आमच्याकडे ती का चुकते, हाच मॅडमचा विषय. मॅडम मूळच्या इथल्याच, काठी गावाकडच्या. मोठ्या शहरात राहू शकल्या असत्या. आल्या परत!

*

पहिल्या शिबिरात माइक माझ्या हातात. शुद्ध बोलायचं म्हणून मी ठणकावून म्हटलं, "मूत्रपिंडदान झालेल्यांनी पुढे यावं!"

विसरवाडीला हायवेवर चहाचं हॉटेल चालवणारे भटूभाऊ ताडकन उठले. "पिंडदान? मन्हं? ओ ताई, मी आजून जित्ता शे!"

मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. तेव्हापासून आम्ही 'किडनी'च म्हणतो.

*

खापर गावच्या एका कापडवाल्या शेठनी धाकट्या भावाला लिव्हरचा तुकडा दिला होता. मॅडम म्हणाल्या, "शेठ, काळजी नको. उरलेलं लिव्हर वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होतं."

शेठ खूश. "म्हणजे माल दिला तरी गोदाम भरलेलं! मॅडम, असं कापड कुठे मिळतं का बघा ना!"

आतून भाऊ ओरडला, "भैया, गोदाम भरलंय ना? मग मला रोज ऐकवता कशाला?"

*

भटूभाऊंना किडनी दिली ती त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी. हॉटेलात मॅडम समजावत होत्या, "शरीराला ही किडनी परकी वाटते. ते तिच्याशी भांडतं. गोळी ते भांडण थांबवते."

सिंधूताई चहा गाळता गाळता नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यामा काय नवीन शे? इतला वरीस व्हयनात, माले बी परकीच समजस हाऊ!"

भटूभाऊ लगेच, "मॅडम, हिन्हा भांडननी गोळी भेटी का?"

*

मग एकदा भटूभाऊंचा रिपोर्ट बिघडला. किडनी धोक्यात. आमची थट्टा जागच्या जागी थांबली.

"गोळ्या विसरलात का?" मॅडमनी विचारलं.

"नही मॅडम! एक बी नही! सकाळनी नवापूर गाडी उनी का लेस."

"आणि गाडी उशिरा आली तर?"

"मंग गोळी बी लेट!"

रस्त्याचं काम चाललेलं. ती एसटी कधी दुपारी यायची, कधी यायचीच नाही!

मी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. परत येताना म्हणाल्या, "मी 'गोळी घेता का' एवढंच विचारत होते. 'गोळी आठवते कशावरून' हे विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून घरोघरी तोच प्रश्न. कुणाची गोळी दूधवाल्यावर, कुणाची शाळेच्या घंटेवर! पुढे मोठमोठ्या डॉक्टरांच्या सभेत मॅडमनी हेच मांडलं. भल्यामोठ्या पडद्यावर आमच्या विसरवाडीची एसटी! टाळ्या थांबेनात. मी मागच्या रांगेत पदरानं डोळे पुसत होते.

*

पण त्या टाळ्यांपेक्षा मला सुरतेचा दिवस मोठा वाटतो. रिपोर्ट बिघडल्यावर भटूभाऊंना तिथल्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं होतं. किडनी वाचते की जाते, कुणी सांगेना. सिंधूताई बाकावर बसून. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

मग म्हणाल्या, "दुसरी बी देती मी. पन मंग हॉटेल कोन चालाडी?"

एवढ्यात मॅडम हातात रिपोर्ट घेऊन अक्षरशः पळत आल्या. "रक्तातलं क्रिएटिनिन उतरलं! ताई, किडनी वाचली!"

सिंधूताई उठल्या. सरळ आत गेल्या. भटूभाऊंनी हात पुढे केला, पण सिंधूताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. नवऱ्याच्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ती किडनी बसवली आहे, तिथे त्यांनी अलगद तळहात ठेवला आणि खाली वाकून म्हणाल्या,

"बाई, आते रुसू नको. सासर शे हाई तुन्हं. नीट नांद!"