जड ब्रश

पन्नासच्या दशकातल्या एका माघात, चांदा जिल्ह्यातल्या सागवानाच्या डेपोत, मी ओंडक्यावर रंगवलेला १ रेंजरसाहेबांनी ९ वाचला आणि भलताच ओंडका गाडीवर चढला. मी ओंडक्यांवर हातोड्याने सरकारी शिक्का ठोकून ब्रशाने नंबर घालणारा कारकून होतो आणि माझा उजवा हात थरथरायचा. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. अक्षर सुधारलं नाही, तर आतल्या जंगलातल्या नाक्यावर बदली होणार होती.

मी चहा सोडला. हात तसाच राहिला, फक्त मी सगळ्यांवर खेकसू लागलो. मग एरंडेलाने मालिश केलं. ब्रश हातात टिकेनाच, त्यामुळे तो थरथरण्याचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

ओंडके रचणारा म्हातारा मजूर हे पाहत होता.

"बाबू, शिक्क्याचा हातोडा मारता तवा तं हात नाई हालत. मंग बुरुशच काऊन नाचून राह्यला?"

"हातोडा जड असतो."

"मंग बुरुश जड करा ना."

मॅट्रिक पास असून मला हे सुचलं नव्हतं. त्याने ब्रशाच्या दांड्याला लोखंडी पाचर सुतळीने बांधून दिली. थरथर गेली नाही, पण आकडे ओळखू येऊ लागले.

मुदतीच्या दिवशी साहेबांनी चाळीस ओंडक्यांचे नंबर मोठ्याने वाचले. चाळीसही बरोबर निघाले. बदलीचा हुकूम निघाला नाही.