निळा रंग निवडायला केळझरकडे

ज्या वाचकांना हाच प्रवास करायचा असेल त्यांनी आधी कसंही करून एकोणीसशे सत्तावन्न साल गाठावं. पुढचं सोपं आहे. पुण्याहून दौंड, दौंडहून मनमाड, आणि मनमाडला नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत शिरायचं. पाण्याची सुरई न्यावी, वळकटी न्यावी. आत्या नेऊ नये.

मी नेली होती. म्हणजे ती आली. पुण्यात वडिलांचा फरश्यांचा लहानसा कारखाना होता. देवघराच्या भिंतीसाठी, दारावरच्या नावासाठी आम्ही रंगीत चकचकीत फरश्या करायचो आणि रंगकाम माझ्याकडे असायचं. त्या वर्षी खडकीला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांच्या गावाकडचं काम आणलं. केळझरच्या अलीकडे त्यांची वस्ती. आदल्या वर्षी सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आता लोकांनी आपल्या हातांनी विहार बांधला होता आणि त्याच्या दारावर त्यांना निळं चक्र हवं होतं, येत्या दसऱ्याच्या आत. अट अशी की रंग वस्तीच्या पंचांसमोर निवडायचा आणि फरश्या तिकडेच भाजायच्या. वर्ध्याबाहेर कुंभारकाम शिकवणारं एक केंद्र होतं, त्यांनी भट्टीचा एक कोपरा द्यायचं कबूल केलं. दसऱ्याआधी ती भट्टी एकदाच पेटणार होती. बिघडलं तर दुसरी संधी नव्हती, आणि वडिलांनी प्रथमच एखादं काम सबंध माझ्यावर सोपवलं होतं.

आत्याला फरश्यांशी काही देणंघेणं नव्हतं. केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीला तिचा नवस होता. कशासाठी बोलली होती ते तिला आठवत नव्हतं, पण फेडायचा राहिला होता हे पक्कं आठवत होतं. तरुण मुलीनं एकटीनं एवढ्या लांब जायचं नाही, हे वडिलांचं मत आणि तिचा नवस यांची गाठ पडली. कोऱ्या फरश्या फुटू नयेत म्हणून मी त्या तिच्या लुगड्यांत गुंडाळल्या. परिणामी मनमाडच्या फलाटावर आत्याला बदलायला लुगडं नव्हतं आणि तिथून वर्ध्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. गाडीत शांतता हवी असल्यास हा उपाय चांगला आहे.

वर्ध्याला उतरल्यावर स्टेशनाबाहेर चहा घ्यावा. गोड इतका की पुढे दिवसभर साखर लागत नाही. तिथून केळझरकडे सर्व्हिस मोटार जाते. ती सुटायची वेळ फळ्यावर लिहिलेली असते, पण ड्रायव्हर जेवून आला की सुटते. सेलूपर्यंत दोन्ही बाजूंनी कापूस, मग थोडी झाडी. वस्तीच्या फाट्यावर पंचांचे मुख्य शामराव आम्हाला घ्यायला उभे होते. जिनिंगमध्ये काम करणारे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. शेजारी त्यांची आई चंद्रभागाबाई. ती शामरावांच्या वाटचंही बोलत होती.

"जयभीम बाई. हे कोन? आत्याबाई? बसा आत्याबाई. लुगडं काऊन असं मळलं तुमचं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघींची मैत्री तिथेच झाली.

संध्याकाळी लिंबाच्या झाडाखाली पंच बसले. मी डबे उघडले. आता रंगाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भट्टीत जाणारा रंग कच्चा असताना वेगळाच दिसतो. जो भाजल्यावर गर्द निळा होतो, तो डब्यात काजळीसारखा काळा असतो. जो डब्यात छान आकाशी दिसतो, तो भाजल्यावर हिरवा होतो. मी दोन्ही डबे ठेवले आणि प्रत्येकापुढे त्याचा भाजलेला नमुन्याचा तुकडा ठेवला.

पंचांनी निळा तुकडा हातोहात फिरवला. एकमतानं पसंत. मग त्यांनी त्याच्यामागचा डबा पाहिला.

"हे तं काळं हाय," शामराव म्हणाले.

"भाजल्यावर निळं होतं."

"मंग ह्या तुकड्यातलाच निळा काढून लावा ना बाई," एक पंच समजुतीच्या सुरात म्हणाले.

तो काढता येत नाही, हे पटवण्यात बराच वेळ गेला. दुसऱ्या एका पंचांनी घरातून कपड्यांची नीळ आणली. पुडी उघडली, पाण्यात बोट बुडवून दाखवलं. खरोखर सुंदर निळी. "हे डोयानं दिसून राह्यलं," ते म्हणाले. भट्टीत ती उडून जाईल असं मी म्हटलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझीच शंका आली. मी म्हणत होते की काळं निळं होईल, आकाशी हिरवं होईल आणि निळं नाहीसं होईल. वेड्याच्या इस्पितळातला माणूसही याहून सुसंगत बोलला असता.

मग शामराव बोलले. "बाई, राग मानू नका. आज काळं हाय, थांबा, पुढं चांगलं होईन, असं आमाले लय जनांनी सांगतलं. आमचे आजे थांबण्यातच गेले. आता जे हाय ते डोयासमोर पाह्यजे."

मला वाईट वाटलं आणि माझी काळी भुकटी एकाएकी फार खोटारडी वाटायला लागली. मी एवढंच म्हणाले की माझ्याकडे दाखवायला हा तुकडा आहे आणि माझा शब्द आहे, तिसरं काही नाही. चंद्रभागाबाई म्हणाली, "पोरगी एवढ्या दुरून काळं लावाले कायले येईन?" त्यावर मत घेतलं. काळा डबा थोडक्या मतांनी निवडून आला. निळीच्या बाजूच्या पंचांचा मान म्हणून निळीनं रंगवलेली एक खापरीही भट्टीत ठेवायचं ठरलं.

त्या रात्री ज्वारीची भाकर आणि पाटोड्यांचा रस्सा. तिखट जपून खावं. आत्यानं जपलं नाही, आणि सुरई मनमाडलाच फुटलेली होती. घरून निघताना परक्याच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणालेली आत्या चंद्रभागाबाईच्या माठाशी तांब्या घेऊन बसली आणि माठ संपवूनच उठली. नंतर या विषयावर ती कधी बोलली नाही आणि मीही काढला नाही.

पुढच्या दिवशी मी फरश्या मांडून चक्र रंगवलं. तीन ओळी, ओळीत तीन फरश्या, मधल्या फरशीवर चक्राचा तुंबा, म्हणजे आऱ्या जिथे मिळतात तो मधला गोल. काळ्या रंगात, पण चक्र रेखीव उतरलं. पंच येऊन येऊन पाहून गेले. तेवढ्यात आत्या टेकडीवर जाऊन नवस फेडून आली. बरोबर चंद्रभागाबाई गेली होती. ती पायथ्याशी बसून राहिली, "आता आमी देव सोडले आत्याबाई, पन तुमच्या चपला सांभायतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंड्या जुंपून सगळे पंच फरश्यांसह केंद्रावर निघाले. बैलगाडीचा प्रवास निवांत असतो असं म्हणणाऱ्यांनी मांडीवर फरशी धरून तो करून पाहावा.

केंद्राचे व्यवस्थापक अतिशय सज्जन. पण आठवड्यातून एक दिवस ते मौन पाळत आणि आम्ही नेमके त्या दिवशी पोचलो. हातवाऱ्यांनी त्यांनी भट्टी दाखवली, बादली दाखवली. बादलीत मी काचेचं पाणी कालवलं. हे पाणी म्हणजे दुधासारखा दाट पांढरा लेप. रंगवलेली फरशी त्यात बुडवली की चित्र पूर्ण झाकलं जातं. भट्टीत त्या लेपाची काच होते आणि खालचं चित्र निळं होऊन दिसतं. हे मी सगळ्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं. तरी एकेक फरशी पांढरी होत गेली तसे पंच पुढे वाकून चित्र शोधायला लागले. शेवटी तिथे फक्त कोऱ्या पांढऱ्या फरश्यांची रांग उरली. मग सगळे जेवायला गेले.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आत्या आणि चंद्रभागाबाई मागे राहिल्या होत्या. पोरीनं घाईत सगळ्या चित्रावर चुना फासला, आता लाजेनं कबूल करत नाही, असं दोघींनी ठरवलं. मला वाचवायला त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि चक्राचा तुंबा महत्त्वाचा म्हणून मधल्या फरशीपासून सुरुवात केली. ती लख्ख पुसली. चित्र दिसायला लागलं. मग बादलीत उरलेला चुना वाया कशाला घालवायचा, म्हणून चंद्रभागाबाईनं व्यवस्थापकांना विचारलं, "साहेब, भट्टीच्या तोंडाले लावून टाकू का?" व्यवस्थापकांनी घाबरून हात जोरजोरात हलवला. नको म्हणून हलवलेला हात आणि भिंतीवर चुना फासणारा हात एकसारखाच दिसतो. ते पाटी आणायला धावले. पाटीवर 'थांबा' लिहून परत आले तोवर भट्टीचं तोंड पांढरंशुभ्र झालं होतं आणि बादली धुऊन पालथी घातलेली होती.

मी परतले तेव्हा दोघी कौतुकाची वाट बघत होत्या.

मला रडू कोसळलं. लेप संपला होता, त्याचं सामान पुण्यात होतं, भट्टी लोणच्याच्या बरण्यांनी भरत आली होती. लेपाशिवाय ती फरशी काळीच राहणार होती, आणि नेमकी चक्राच्या मध्यावर. आपण काय केलं ते कळल्यावर आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. शामरावांनी फरशी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मला म्हणाले, "ठेवा तशीच. आत तं जाऊ द्या तिले."

भट्टी पेटली, विझली, निवायला ठेवली. भट्टी निवताना उघडायची नसते. गरम भांड्याला गार हवा लागली की ते तडकतं. या काळात वर्ध्यात बघण्यासारखं बरंच आहे असं ऐकलं होतं. आम्ही भट्टी बघितली.

उघडली तेव्हा आधी बरण्या निघाल्या. मग निळीची खापरी, कोरीच्या कोरी. निळीवाले पंच तिच्याकडे एखाद्या फसवलेल्या माणसासारखे पाहत राहिले. मग पहिली फरशी. शामरावांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसून उन्हात धरली. निळी होती. मी पंचांना दाखवलेल्या तुकड्याहून गर्द. चंद्रभागाबाईनं फरशीवरून हात फिरवला आणि तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला. आठही निळ्या, झळझळीत. मधली एक काळी, राठ. आणि भट्टीचं तोंड जाळ लागला तिथे मस्त चकचकीत झालं होतं. मौन सुटलेले व्यवस्थापक त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "छान."

मी म्हटलं, मधली फरशी नवीन करून पुण्याहून पाठवते, तोवर जागा रिकामी ठेवा.

"नाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "हेच लावा."

"मावशी, लोक हसतील. काळी आहे ती."

"असू दे काळी. नाई तं आमचे नातू म्हनतीन, हे पह्यलेपासून निळंच होतं."

शामरावांनी पंचांकडे पाहिलं. या वेळी मत घ्यावं लागलं नाही. दसऱ्याच्या आधी चक्र दारावर बसलं. परतीच्या मोटारीत चढताना चंद्रभागाबाईनं आत्याला नवं लुगडं दिलं आणि "पुन्हा येजो" म्हणाली. आत्यानं ते मनमाडपर्यंत मांडीवर धरून ठेवलं.

पुण्याला आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी मधली फरशी नव्यानं केली, निळी, एकही डाग नसलेली, आणि पाठवायला पेटीत भरली. आत्यानं पेटीचे खिळे काढून ती बाहेर काढली. "तिनं नको म्हटलंय," एवढंच बोलली.

ती फरशी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यावर चहाचं पातेलं टेकवते. आत्या होती तोवर पाहुणे त्या निळ्याचं कौतुक करायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत ती सांगायची, "ही नुसती बदली आहे. खरी तिकडे दारावर आहे, काळी."