बाजार उठताना आलेलं गिऱ्हाईक

आमच्या घरात भाजी आणायचं काम माझ्याकडे आहे, कारण मला लाज नाही. हे माझ्या बायकोचं, वैशालीचं मत आहे आणि ते तिने मला कौतुकाने सांगितलेलं आहे.

आम्ही हॉलंडमध्ये रॉटरडॅमला राहतो. आमच्या गावाकडे, कोल्हारला, अशी समजूत आहे की परदेशात माणूस नुसता राहिला तरी श्रीमंत होतो. प्रत्यक्षात माझा पगार सकाळी बँकेत येतो आणि दुपारपर्यंत घरमालकाकडे जातो. वैशाली फिजिओथेरपिस्ट आहे, पण तिथली परीक्षा पास होईपर्यंत तिला फक्त माझीच पाठ चेपायची परवानगी. त्यामुळे आम्ही नवरा-बायको आणि आठ वर्षांची सई, अशा तिघांचं पोट शनिवारच्या बाजारावर चालतं. त्यातही शनिवारच्या संध्याकाळवर.

हा बाजार आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, उघड्यावर भरतो. सकाळी तिथे भाव विचारायची आमची प्राज्ञा नसते. पण चार वाजले, गार वारं सुटलं, की दुकानदारांना घरचे वेध लागतात आणि भाव कोसळतात. मग जे उरलंय ते खोक्याने मिळतं. आपण काय खाणार हे आपण ठरवायचं नसतं, एवढी एक गोष्ट मान्य केली की संसार फार सोपा होतो. एका आठवड्यात फक्त बडीशेपेचे कांदे उरले होते. (बडीशेपेलाही खाली कांदा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.) त्याची आम्ही भाजी केली, कोशिंबीर केली, भजी केली. आठवडाभर घरात कुणी बोललं की हॉटेलातलं बिल आल्यासारखा वास यायचा.

तर असं आमचं सुरळीत चाललेलं असताना आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हारला आजूबाजूला सगळे ऊस लावतात, पण आबांनी विहिरीजवळच्या तुकड्यात कायम भाजी केली. फ्लॉवर, वांगी, मेथी. ती आठवडे बाजारात स्वतः बसून विकली. त्यावर माझं शिक्षण झालं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आली नाही. आबा एकटेच आले, सोबत बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले की तुमच्या इथला बाजार दाखव.

मला आनंदच झाला. आपला मुलगा परक्या मुलखात किती हुशारीने संसार करतो, हे आबांना एकदा दाखवायचंच होतं. मी त्यांना शनिवारी चारला घेऊन गेलो. वाटेत ते म्हणाले की बाजाराला माणूस सकाळी जातो. मी म्हणालो, आबा, थांबा, गंमत बघा.

माझा नेहमीचा दुकानदार मुस्तफा म्हणून एक धिप्पाड तुर्की माणूस आहे. त्याच्याकडे वांगी उरली होती. मी आधी लांबून पाहिलं. मग दोनदा समोरून गेलो, जसं काही मला वांगी आवडतच नाहीत. तो आवराआवर करायला लागल्यावर जवळ गेलो आणि सगळं खोकं एका नाण्यात मागितलं. त्याने कपाळाला हात लावला, आभाळाकडे पाहिलं आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. मी विजयी मुद्रेने आबांकडे वळलो.

आबांचा चेहरा असा झाला होता, जणू मी त्यांच्यासमोर कुणाचा खिसा कापला होता.

"तू बाजार उठताना येतोस व्हय रं?" ते म्हणाले.

आता हे परक्या माणसाला कळायचं नाही. आबांचा सगळ्या आयुष्यात एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे बाजार उठताना येणारं गिऱ्हाईक. दिवसभर उन्हात बसून माल उरला, की हे गिऱ्हाईक पिशवी हलवत येतं आणि म्हणतं, सगळं घेतो, काय द्यायचं बोला. आबांनी अशा माणसाला कधीही माल दिला नाही. त्यापेक्षा गाईला घालीन, म्हणायचे, आणि खरोखरच घालायचे. आमच्या गाईने फ्लॉवर जितका खाल्ला, तितका आम्ही खाल्ला नाही. अशा माणसाच्या पोटी, सात समुद्रांपलीकडे, तेच गिऱ्हाईक निघालं होतं.

आबांनी माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि मुस्तफाच्या फळीवर परत ठेवलं. त्याला मराठीत सांगितलं की याला अजिबात देऊ नकोस. मुस्तफाला मराठी येत नाही, पण आपल्या बाजूने बोलणारा माणूस कुठल्याही भाषेत कळतो. त्याने आबांचे दोन्ही हात हातात घेतले. मग आबांनी माझ्या खिशातून सकाळच्या भावाने पैसे दिले आणि आम्ही घरी आलो.

वैशालीने पिशवीत पाहिलं. आत तीन वांगी होती. तिने पिशवी उलटी करून पाहिली.

पुढच्या शनिवारी आबांनी मला पहाटे उठवलं. भवानीला जायचं म्हणाले. पहिलं गिऱ्हाईक चांगलं लागलं तर दुकानदाराचा दिवस चांगला जातो, आणि ते गिऱ्हाईक आपण व्हायचं. घासाघीस करायची नाही, तो सांगेल तो भाव. मुस्तफाचे दिवस फार चांगले जायला लागले. आमचे दिवस कसे जायला लागले, ते मी सविस्तर सांगत नाही. भाजी ताटात डाव्या बाजूला नुसती टेकवलेली असायची, लोणच्यासारखी. आबांना स्वतःला काही वाटत नव्हतं, कारण ते भाकरी, चटणी आणि कच्चा कांदा यावर जन्मभर राहू शकतात. सई राहू शकत नव्हती.

एक दिवस सईच्या शाळेतून बोलावणं आलं. तिच्या बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी दिली आणि फार हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. सईने वर्गात सांगितलं होतं की आजोबा आल्यापासून आमच्याकडे जेवायला कमी असतं, आणि बाबांनी भाजी घेतली की आजोबा ती परत ठेवतात. बाई म्हणाल्या, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असे प्रसंग कुणावरही येतात. मग त्यांनी गरजू कुटुंबांना फुकट धान्य आणि भाजी मिळते त्या ठिकाणाचा पत्ता दिला. मी कंपनीचा बिल्ला गळ्यात घालून बसलो होतो. तो मी हळूच शर्टाच्या आत टाकला.

बाहेर आल्यावर वैशालीने माझा बिल्ला शर्टातून बाहेर काढला. म्हणाली, "पत्ता नीट ठेव."

तेव्हा मी ठरवलं की आता लपून जायचं. पुढच्या शनिवारी भवानी झाल्यावर आबांना म्हणालो की मला ऑफिसात काम आहे. ते म्हणाले, जा, मी फिरून येतो. चार वाजता मी कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली, वर मफलर गुंडाळला आणि बाजारात शिरलो. त्या दिवशी सकाळपासून पावसाने झोडपलं होतं, गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. निम्म्या लोकांनी आधीच गाशा गुंडाळला होता. मुस्तफाच्या दुकानात मात्र फ्लॉवरच्या खोक्यांची थप्पी होती. तो स्वतः गाडीत सामान भरत होता. मी आवाज बदलून विचारलं की सगळं खोकं घेतो, काय द्यायचं बोला.

ताडपत्रीमागून एक डोकं वर आलं. त्यावर गांधी टोपी होती.

आबा तिथे बसून फ्लॉवरचा पाला काढत होते. (रोज 'फिरून येतो' म्हणून कुठे जात होते, ते तेव्हा कळलं. बाजार नसेल त्या दिवशी ते मुस्तफाच्या गोदामात कांदे निवडत.) त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ओळख दाखवली नाही. सकाळचा भाव सांगितला.

"आबा, पावसात कोण घेणार आहे आता?" मी म्हणालो. "आणि इथं गाय कुठंय?"

"गाय न्हाई म्हनून तर तुझ्यासारक्याचं फावतंय."

मग मी तिथेच, पावसात, त्यांना सगळं सांगितलं. घरभाडं, वैशालीची परीक्षा, सईच्या बाईंनी दिलेला पत्ता. आबा हातातला फ्लॉवर फिरवत ऐकत होते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "पोरीला शाळंत बोलावलं, ते मला का न्हाई सांगितलं?" आणि मग बराच वेळ त्यांना माझ्याकडे बघता येईना. मलाही त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पैशाबद्दल कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नाही असं मीच त्यांना भासवत आलो होतो.

शेवटी ते उठून मुस्तफाकडे गेले. हातवारे झाले. मुस्तफाने आबांना मिठी मारली आणि फ्लॉवरची सगळीच्या सगळी खोकी त्यांच्या मजुरीपोटी देऊन टाकली. मजुरीचा माल म्हणजे काही पडत्या भावात मागितलेला माल नव्हे, त्यामुळे आबांचं तत्त्व शाबूत राहिलं. माझी कंबर राहिली नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथले जिने शिडीसारखे असतात.

आबांनी आता सगळं मनावर घेतलं. नात उपाशी राहता कामा नये. त्यांनी घरातली सगळी पातेली शेगडीवर चढवली आणि फ्लॉवर उकडायला टाकला. थोडा भाजीला, थोडा लोणच्याला, उरलेला वाळवून पावसाळ्यासाठी. (तिथे बाराही महिने पावसाळा असतो, हे मी बोललो नाही.) उकडलेले तुरे त्यांनी हीटरवर, खिडक्यांत, माझ्या पुस्तकांच्या फळीवर वाळत घातले. सईला फार मजा वाटली.

फ्लॉवर उकडताना कसा वास येतो ते तुम्हाला माहीत असेल. पातेलंभर उकडला तर माणूस खिडकी उघडतो. आम्ही घरभर उकडला होता आणि थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. तो वास जिन्याने खाली उतरला. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं की इमारतीत गॅस गळतोय. त्यांनी रीतसर फोन केला.

अग्निशामक दलाची माणसं आली तेव्हा सगळी इमारत रस्त्यावर उभी होती, कुणी पायजम्यात, कुणी मांजर काखेत घेऊन. आम्हाला काही पत्ता नव्हता, कारण आम्हाला त्या वासाची सवय झाली होती. दारात हेल्मेट घातलेले तिघे जण यंत्र रोखून उभे राहिले. यंत्र काही वाजेना. त्यांच्यातल्या एकाने नाक वर करून हुंगलं, आत आला आणि पातेल्यापाशी थांबला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप माफी मागितली. आबांना वाटलं, पाहुणे आहेत. त्यांनी तिघांनाही बाजरीच्या भाकरीवर फ्लॉवरची भाजी दिली. एकाने खाल्ली. परत मागितली. खाली इमारत उभीच होती.

त्यानंतर महिन्याभराने आबा परत गेले. त्यांच्या मागे आम्ही इमारतीतल्या प्रत्येकाकडे चॉकलेटं घेऊन माफी मागत हिंडलो, आणि वाळवलेला फ्लॉवर दिवाळीपर्यंत पुरला.

दिवाळीला कोल्हारला आलो. आईने मला बाजारात कोथिंबीर आणायला पाठवलं. ओळखीच्या मावशींनी कोथिंबिरीबरोबर मेथी, दोडका, वांगी असं सगळं पिशवीत घातलं आणि पैसे घेईनात. मी आग्रह केला, तर त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"राहू दे बाळा. आबा सांगत व्हते, लई हाल हायेत तिकडं तुमचे."

मग सगळा उलगडा झाला. आबांनी जे पाहिलं तेच गावाला सांगितलं होतं. आपला दत्ता (म्हणजे मी) उरलेली भाजी घेऊन जगतोय, पोरीला शाळेतून धान्याचा पत्ता दिलाय, आणि एक दिवस तर घरी आगीचा बंब आला होता. एकही शब्द खोटा नव्हता. शेजारच्या काकूंनी सईसाठी त्यांच्या नातीचे जुने फ्रॉक आणून दिले. वैशालीने ते घेतले. (चांगले होते, म्हणाली.) आणि आबांनी, मला न विचारता, साखर कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. चिटबॉयच्या जागेसाठी. चिटबॉय म्हणजे शेतोशेत हिंडून उसाच्या नोंदी घेणारा आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस. हंगामी काम, पण आपल्या गावात, आणि खायला घरची भाजी.

मी आबांना समजावलं की मी एम.टेक. आहे. ते म्हणाले की तेवढं चालवून घेतील.

दोन दिवसांनी कारखान्यावरचा माणूस घरी आला. चहा घेतला. आबांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आबा, तुमच्या शब्दाला मान हाय. पर ज्याला सोताच्या घरची भाजी जमना, त्याच्या हातात लोकांचा ऊस कसा द्यायचा?"

आबांना ते पटलं. आईला पटलं. वैशालीने तर मान डोलावली.

मला वाईट एवढ्याचंच वाटलं, की मी आदल्या रात्री चिटबॉयच्या पगाराची चौकशी करून ठेवली होती.