तारीखरावांचा शिक्का

तारीखराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. लिफ्टदुरुस्तीत तीस वर्षं काढलेल्या या माणसाला दिसेल त्यावर तारीख टाकायची खोड होती. मिठाची बरणीही सुटली नाही. "एक दिवस माझ्या कपाळावर टाकाल," बायको म्हणायची.

कंपनीचे अहवाल संगणकावर गेले तेव्हा पुतणीने त्यांना डिजिटल शिक्का शिकवला. फाइलीतल्या मजकुरावरून ठशासारखा एक लांबलचक आकडा निघतो. तो बाहेरच्या एका संस्थेकडे जातो आणि ती त्यावर दिवस-वेळ घालून सही करून परत पाठवते. पुढे फाइलीत एक स्वल्पविराम हलला, तरी शिक्का जुळत नाही. तारीखराव असे हरखले की विचारू नका.

मग एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट दीड मजला घसरली. आतल्या शिक्षिकेचा पाय मोडला. ब्रेक झिजलाय, लिफ्ट बंद करा, असा अहवाल तारीखरावांनी अकरा दिवस आधी दिला होता. बंद करायचा अधिकार कंपनीच्या मॅनेजरचा. आणि मॅनेजर म्हणतो, "हा तर अपघातानंतर रचलाय." चोर तो चोर, वर शिरजोर! इथे स्वतःचा दुरुस्तीचा परवाना जायची वेळ आलेली. तारीखरावांना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी सगळ्यांसमोर फाइल तपासली. शिक्का जुळला. मंगळवार, चार वाजून बारा मिनिटं. अपघाताच्या अकरा दिवस आधी. तारीखरावांची मान ताठ झाली.

मॅनेजर पाणी प्यायला. "बरं, माझी चूक झाली. अहवाल तेव्हाचाच आहे. पण मला मिळाल्याची पोच?"

पोच! शिक्का हाती आल्यापासून पोचवहीत कारकुनाची सही घेणं तारीखरावांनीच सोडलं होतं. यंत्राची सही असताना माणसाची कशाला? आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"पेनड्राइव्ह तुमच्या टेबलावर ठेवला, साहेब. तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत."

"मी दिवसभर फोनवरच असतो."

बाई तारीखरावांकडे वळल्या आणि लिहू लागल्या. "म्हणजे ब्रेक गेलाय हे अकरा दिवस तुम्हाला माहीत होतं. आणि लिफ्ट चालूच राहिली."

"अहो, पण मीच तर सांगत होतो—"

"सांगितल्याचा कागद नाही," बाई म्हणाल्या. "माहीत असल्याचा मात्र तुम्हीच दिलात."